कारखाना कळव्यात, किल्ल्या म्युनिकमध्ये

(कळवा येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या विषयाचे शीर्षक व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमातून उचललेले आहे : 'जागतिक परिस्थितीत उद्योगसंस्थेचे व्यवस्थापन'. हा विषय शिकवला जातो तो उद्याच्या व्यवस्थापकांना. परकीय चलनाचे चढउतार, आयातनिर्यातीचे नियम, देशोदेशीचे करकायदे, तंत्रज्ञानाचे करार या साऱ्यांतून उद्योगाची नौका कशी हाकावी, हे त्यांना तेथे सांगितले जाते. नौकेच्या तळाशी बसून जो वल्ही मारतो, त्याला मात्र हा विषय कोणी शिकवीत नाही. वास्तविक वादळाचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. म्हणून हा विषय वल्हे मारणाराच्या बाजूने मांडण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. कळव्याचे उदाहरण पुरेसे आहे.

ठाण्याची खाडी एका बाजूला आणि पारसिकचा डोंगर दुसऱ्या बाजूला, मधून बेलापूरकडे जाणारा रस्ता. विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी आगरी-कोळ्यांची गावे या रस्त्याला लागून होती. भातखाचरे होती, मिठागरे होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, भूसंपादन झाले, आणि पुढच्या काही वर्षांत हा पट्टा रसायने, पोलाद, विद्युत्‌सामग्री आणि औषधे यांच्या कारखान्यांनी भरून गेला. मफतलाल आणि शेल यांची नोसिल, मुकंद, भारत बिजली, आणि त्यांच्यातच सीमेन्स. सीमेन्सचा कारखाना आजच्या नकाशावर नवी मुंबईच्या ऐरोली भागात मोडतो. पण कंपनीच्या कागदपत्रांत आणि कामगारांच्या तोंडी तो आजही 'कळवा वर्क्स'च आहे. जगभरातील सीमेन्सच्या माणसांना भारतातील एखाद्या उपनगराचे नाव ठाऊक असेल तर ते कळव्याचे. कळव्याच्या माणसाला मात्र म्युनिकमध्ये काय चालते ते सहसा वर्तमानपत्राच्या शेअर बाजाराच्या पानावर, आणि तेही उशिरा कळते.

ही कंपनी जन्मापासूनच जागतिक आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. वेर्नर सीमेन्सने १८४७ मध्ये बर्लिनमध्ये तारयंत्राचा कारखाना काढला आणि अवघ्या तेवीस वर्षांनी, १८७० मध्ये, लंडन आणि कलकत्ता यांना जोडणारा तारमार्ग तिने सुरू करून दिला. त्या मार्गाचे गिऱ्हाईक ब्रिटिश साम्राज्य होते. साम्राज्याला हुकूम लवकर पोहोचवायचे होते, कंपनीला तार विकायची होती; दोघांचेही काम झाले. जागतिकीकरण हा शब्द १९९१ नंतर जन्माला आला असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. दोन महायुद्धांत कंपनीची परदेशांतील मालमत्ता जप्त झाली. दुसऱ्या महायुद्धात तिने वेठीचे मजूर वापरले, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतील कैदी स्त्रियाही तिच्या कामाला जुंपल्या गेल्या. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली आणि स्वतंत्र भारताच्या योजनांचा काळ सुरू होताच मुंबईत आली. महालक्ष्मीच्या पुलाखालच्या एका शेडमध्ये स्विचबोर्ड जोडण्याचे काम सुरू झाले, १९५७ मध्ये भारतीय कंपनी नोंदली गेली, आणि साठीच्या दशकात कळव्याचा मोठा कारखाना आकाराला आला. स्विचबोर्ड, स्विचगिअर, मोटारी, आणि पुढे मोठे ट्रान्सफॉर्मर असा हा वाढता संसार.

तो काळ परवान्यांचा होता. काय बनवायचे, किती बनवायचे, बाहेरून काय आणायचे, हे दिल्लीत ठरत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवलावर साधारणतः चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली. उच्च तंत्रज्ञानाच्या उद्योगांना त्यात सवलत होती. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि कोकाकोला व आयबीएम यांना देश सोडावा लागला. समाजवादी चळवळीत हा प्रसंग आजही अभिमानाने सांगितला जातो. त्याच काळातली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्याच मंत्रिमहोदयांच्या कारकीर्दीत सरकारी मालकीच्या 'भेल'ने सीमेन्सशी व्यापक तांत्रिक सहकार्य करावे, असा प्रस्ताव पुढे आला आणि त्यावरून मोठे वादंग माजले. डाव्या गोटातून टीका झाली की, सरबत विकणाऱ्याला हाकलले आणि जनित्रे विकणाऱ्याला पायघड्या घातल्या.

या टीकेत तथ्य होते, पण पुरते नव्हते. सरबताचे तंत्र देशात होते, त्यामुळे कोकाकोलावाचून कोणाचे अडले नाही. औष्णिक वीजकेंद्राची मोठी जनित्रे बनवण्याचे तंत्र शिकून घ्यावे लागणार होते, आणि शिकायचे तर ज्याला येते त्याच्याच दारी जावे लागणार होते. प्रश्न दारी जावे की न जावे, हा नव्हता. कोणत्या अटींवर जावे, किती वर्षांनी आपल्या पायांवर उभे राहावे, आणि या मुदतीत घरचे संशोधन खुंटू नये म्हणून काय करावे, हा होता. ते प्रश्न त्या वादंगात बाजूला पडले. कोकाकोला तर १९९३ मध्ये परत आलीच. केवळ 'चले जाव'च्या घोषणेने बहुराष्ट्रीय भांडवलाचा प्रश्न सुटत नाही, हे कळव्याइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसणार? येथे ही कंपनी साठ वर्षांहून अधिक काळ आहे. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. डोंबिवली-बदलापूरपर्यंतची कित्येक घरे तिच्या पगारावर उभी राहिली. तिने जावे असे एकही कामगार म्हणत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, ठरवताना मला विचारा.

१९९१ नंतर परवान्यांचे राज्य गेले. जकातीच्या भिंती उतरल्या. या पट्ट्यातील रसायन उद्योगाला त्याचा जबर फटका बसला. ज्या नोसिलच्या नाफ्था-भंजन प्रकल्पाने १९६८ मध्ये देशाच्या पेट्रोरसायन उद्योगाचा पाया घालण्यास हातभार लावला, तो प्रकल्प पुढे बंद पडला. सीमेन्सची भारतीय कंपनीही नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात तोट्यात गेली. मग आली स्वेच्छानिवृत्ती. या शब्दातील 'स्वेच्छा' कोणाची, हे विचारण्याची सोय नव्हती. कायम कामगारांची संख्या आटत गेली आणि कंत्राटी हात वाढत गेले. आज बेलापूर रस्त्याने जाणाऱ्याला जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती दिसतात. तेथे संगणकाच्या पडद्यासमोर बसणारी मुले रात्रपाळी करतात. त्यांना कामगार म्हटलेले आवडत नाही. तो वेगळा विषय आहे.

तोट्यातून कंपनी सावरली, चांगली सावरली. आणि ती सावरल्यावर मातृसंस्थेने तिच्यावरची पकड घट्ट केली. डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने परदेशी तंत्रज्ञानासाठी द्यावयाच्या स्वामित्वशुल्कावरील मर्यादा उठवली. तोवर सरकारी मंजुरीवाचून देशांतर्गत विक्रीवर पाच टक्के आणि निर्यातीवर आठ टक्के एवढीच रक्कम देता येत असे. २०११ मध्ये म्युनिकने खुली देकार देऊन दर शेअरला ९३० रुपये या भावाने भारतीय कंपनीतील आपला वाटा सुमारे पंचावन्न टक्क्यांवरून पंचाहत्तर टक्क्यांवर नेला. चाळीस टक्क्यांच्या मर्यादेचा कायदा ते पंचाहत्तर टक्क्यांची मालकी, हा प्रवास एका कामगाराच्या नोकरीच्या काळात पुरा झाला. तो त्याच स्विचबोर्डापाशी उभा होता. मालकीचे प्रमाण तेवढे त्याच्या पाठीमागे बदलले.

यानंतरची कहाणी सावकाश ऐकण्यासारखी आहे, कारण विषयाचे मर्म तीत आहे.

२०२० मध्ये म्युनिकच्या सीमेन्सने आपला ऊर्जाविषयक धंदा वेगळा काढून 'सीमेन्स एनर्जी' नावाची स्वतंत्र कंपनी केली आणि तिचे शेअर फ्रँकफुर्टच्या बाजारात आणले. या वाटणीत भारतीय कंपनीच्या पंचाहत्तर टक्क्यांचेही दोन भाग झाले : एक्कावन्न टक्के जुन्या सीमेन्सकडे, चोवीस टक्के नव्या सीमेन्स एनर्जीकडे. भाऊ वेगळे निघताना वडिलोपार्जित जमिनीचे जसे तुकडे पडतात, तसाच हा प्रकार. या सीमेन्स एनर्जीच्या पदरात एक स्पॅनिश लेक होती, पवनचक्क्या बनवणारी सीमेन्स गामेसा. २०२३ च्या उन्हाळ्यात उघडकीस आले की तिच्या जमिनीवरील काही नव्या पवनचक्क्यांत गंभीर दोष आहेत. दुरुस्तीचा खर्च फुगत गेला आणि त्या वर्षी सीमेन्स एनर्जीला साडेचार अब्ज युरोंहून अधिक तोटा झाला. जर्मन सरकारला हमी देण्यासाठी धावावे लागले. खाजगी उद्योगात सरकारने नाक खुपसू नये, हा उपदेश जगाला करणारांच्याच घरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने साडेसात अब्ज युरोंची हमी लिहून दिली, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

पण हमीने भागणारे नव्हते, रोख हवी होती. ती कोठून आली? भारतातून. सीमेन्स एनर्जीने भारतीय कंपनीतील आपल्या चोवीसपैकी अठरा टक्के शेअर जुन्या सीमेन्सला २.१ अब्ज युरोंना विकले, आणि भारतातील ऊर्जेचा धंदा वेगळा काढण्याचे काम लवकर उरकण्याचे ठरले. स्पेनमधील एका कंपनीच्या पवनचक्कीची पाती आणि बेअरिंग सदोष निघाली म्हणून कळव्याच्या कारखान्याची मालकी फिरली. कळव्यातील एकाही कामगाराचा, अभियंत्याचा किंवा व्यवस्थापकाचा त्या दोषाशी संबंध नव्हता. उलट त्याच सुमारास कळव्याच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्याला इतके काम होते की, त्याची क्षमता १५,००० वरून ३०,००० एमव्हीएपर्यंत दुप्पट करण्यासाठी ३६० कोटी रुपये घालण्याचे जाहीर झाले. घरचा कर्ता कर्जात बुडालेला आणि दूर राहणारा धाकटा मुलगा मिळवता, अशी ही स्थिती. आणि मिळवत्या मुलाला न विचारता त्याच्या नावचे शेत गहाण पडावे, तसे झाले. अखेरीस वाटणी पुरी होऊन जून २०२५ मध्ये 'सीमेन्स एनर्जी इंडिया' शेअर बाजारात स्वतंत्रपणे दाखल झाली.

मोटारींचे तर याहून वेगाने झाले. कळव्यात वर्षानुवर्षे बनत आलेल्या कमी दाबाच्या मोटारींचा धंदा भारतीय कंपनीने मे २०२३ मध्ये मातृसंस्थेच्याच दुसऱ्या एका भारतीय उपकंपनीला २,२०० कोटी रुपयांना विकण्याचे ठरवले. सीमेन्सचा मोटारींचा पसारा जगभरातून गोळा करून 'इनोमोटिक्स' या नावाखाली बांधला गेला, आणि मे २०२४ मध्ये सीमेन्सने तो केपीएस कॅपिटल पार्टनर्स या अमेरिकन गुंतवणूकसंस्थेला साडेतीन अब्ज युरोंना विकल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. ही संस्था मोटारी बनवणारी नव्हे. कंपन्या विकत घेणे, सुधारणे आणि नफ्याने विकणे हा तिचा धंदा. पहिल्या व्यवहाराची मुंबईच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती किमतीची : बावीसशे कोटी कमी तर नाहीत? छोट्या भागधारकांचे नुकसान तर होत नाही? प्रश्न रास्त होता. पण मोटारीला तारेचे वेढे देणाऱ्या माणसाचे काय होणार, हा प्रश्न त्या पानावर येण्याचे कारण नव्हते, कारण ते पान त्याचे नव्हते.

येथे कायद्यातली एक तफावत पाहण्यासारखी आहे. कंपनीने आपल्याच घरच्या दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करावयाचा झाल्यास शेअर बाजाराचे नियम इतर भागधारकांची संमती घ्यायला लावतात. हे नियम चांगलेच आहेत. कामगाराच्या बाबतीत मात्र औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५ एफएफ होते. त्याने एवढेच सांगितले की, उद्योगाचे हस्तांतर झाले आणि नव्या मालकाकडे सेवा अखंड राहिली, शर्ती पूर्वीपेक्षा हलक्या झाल्या नाहीत, तर नुकसानभरपाई मागता येणार नाही. शर्तींचे संरक्षण आहे. हस्तांतराबद्दल मत देण्याचा अधिकार नाही. शंभर शेअर धरून बसलेला भागधारक मत देऊ शकतो. तीस वर्षे यंत्रापाशी उभा असलेला माणूस मत देऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही भांडवलशाहीची रीतच आहे, सगळीकडे असेच चालते. साथींनो, सगळीकडे असे चालत नाही, आणि हेच या व्याख्यानाचे मुख्य सांगणे आहे. जर्मनीत १९७६ सालचा सहनिर्णयाचा कायदा आहे. दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या असतात. मते समसमान पडली तर भांडवलाच्या बाजूच्या अध्यक्षाला जादा मत आहे, त्यामुळे शेवटची चावी भांडवलाकडेच राहते, हे खरे. तरी मंडळाच्या टेबलावर कागद येतो तेव्हा तो कामगारांच्या प्रतिनिधींसमोरही येतो. कारखाना बंद करायचा, विकायचा, वेगळा काढायचा, हे ठरण्यापूर्वी त्यांना कळते. याखेरीज प्रत्येक कारखान्यात निवडून दिलेली कामगार परिषद असते. त्याचा परिणाम काय होतो? मार्च २०२५ मध्ये सीमेन्सने जगभरात सुमारे ६,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी २,८५० जर्मनीतील होत्या. पण जर्मनीत सक्तीने कोणाला काढणार नाही, असेही त्याच वेळी सांगावे लागले, कारण संघटनेशी तसा करार होता.

मग कळव्याच्या कामगाराने विचारावे की, हे पर्यवेक्षक मंडळ निवडण्यासाठी माझे मत कोठे आहे? उत्तर असे की, ते नाही. त्या कायद्यात मत आहे ते जर्मनीतील कामगारांना. परदेशातील उपकंपन्यांचे कामगार त्यात येत नाहीत. २०१७ मध्ये हा प्रश्न दुसऱ्या एका जर्मन कंपनीच्या संदर्भात युरोपीय न्यायालयापुढे गेला, आणि परदेशी कामगारांना वगळणे युरोपीय कायद्याच्या विरुद्ध नाही, असा निर्णय लागला. भांडवल एकसंध आहे, नफा एकत्र मोजला जातो, पवनचक्कीचा तोटा कळव्याच्या शेअरने भरता येतो. पण कामगाराचे मत देशाच्या सीमेपाशी अडते. जागतिक परिस्थितीतील व्यवस्थापन म्हणतात ते हे.

एक उलटे उदाहरणही आहे, आणि ते मराठी माणसाला अधिक झोंबावे असे आहे. पुण्याच्या भारत फोर्जने २००४ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही जुनी फोर्जिंग कंपनी विकत घेतली. महाराष्ट्रातील उद्योगाने जर्मन कारखाना घेतला म्हणून कौतुक झाले, ते योग्यच होते. पण तेथे मालक झालेल्या पुणेकर व्यवस्थापनाला जर्मन कायद्याप्रमाणे कामगार परिषदेपुढे बसावे लागते, कामावरून काढण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकावे लागते. तेच व्यवस्थापन मुंढव्यात कायद्याने तसे बांधलेले नाही. जर्मन मालक भारतात आला की जर्मन कायदा घरी ठेवून येतो. भारतीय मालक जर्मनीत गेला की तेथल्या कायद्याला मान तुकवतो. दोन्ही ठिकाणी नुकसान एकाच माणसाचे, येथल्या कामगाराचे. तेव्हा दोष केवळ परकीयांचा नाही. येथला कायदाच तोकडा आहे.

तो तोकडा का राहिला? राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले, व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे. आणीबाणीत, समाजवादी नेते तुरुंगात असताना ते घातले गेले, म्हणून कदाचित त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले असेल. १९९० मध्ये त्यासाठी विधेयक राज्यसभेत आले. कायदा झाला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कार्यसमितीची तरतूद केली होती, पण तिचे काम बहुतेक ठिकाणी उपाहारगृहातला चहा आणि शौचालयांची स्वच्छता यापलीकडे गेले नाही. चळवळीनेही या समितीला कधी मानाचे पान दिले नाही. बोनस आणि महागाईभत्ता यांच्या लढाया मोठ्या होत्या, १९८२ च्या गिरणीसंपाने सारी शक्ती शोषून घेतली, आणि कारखान्यात काय बनवायचे, कोठे गुंतवायचे, हे प्रश्न 'मालकाचे' म्हणून सोडून दिले गेले. आज तेच प्रश्न नोकरी ठरवतात.

कळव्याच्या संघटनेने मात्र एकदा या सीमेवर लढाई दिली, तिची आठवण ठेवली पाहिजे. २००७ मध्ये व्यवस्थापनाने कामगारांकडून प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या जागांसाठी अर्ज मागवले. दोन वर्षांचे प्रशिक्षण, मग कनिष्ठ अधिकारी. वरवर पाहता बढतीच. संघटनेने हरकत घेतली : काम तेच, माणूस तोच, फक्त नाव 'अधिकारी', म्हणजे तो कामगारांच्या यादीतून गेला, संघटनेतून गेला, कराराच्या छत्राबाहेर गेला. कामगारांचे काम दुसऱ्या वर्गाकडे सोपवू नये, अशा आशयाच्या १९८२ सालच्या कराराचा हा भंग आहे, असे तिचे म्हणणे होते. १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाने आणि पुढे उच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. बढतीची संधी देणे ही अनुचित प्रथा होत नाही, असे ठरले. कायद्याच्या अक्षरात निकाल बसतो. पण संघटनेने नेमके दुखणे ओळखले होते. कामगाराला काढून टाकण्यापेक्षा त्याला कामगार म्हणणे बंद करणे स्वस्त पडते. २०१६ मध्ये कळव्यात सुरू झालेल्या स्वयंचलित, संगणकनियंत्रित स्विचगिअर कारखान्यात दर काही सेकंदांनी एक वस्तू तयार होऊन बाहेर पडते. तेथे हातांची गरज कमी आणि पडदा वाचणाऱ्या डोळ्यांची अधिक. त्या डोळ्यांना कोणत्या यादीत घालायचे, हा २००७ चाच प्रश्न पुन्हा उभा आहे.

स्थानिक व्यवस्थापकांवर सारा राग काढण्यात अर्थ नाही, हेही सांगितले पाहिजे. कळव्यात बसलेला व्यवस्थापक पवनचक्कीच्या बातमीने तितकाच चकित झाला असेल. त्याला म्युनिकहून लक्ष्य येते, ते त्याने गाठायचे असते. कधी हे लक्ष्य माणसाला कोठे नेते, याचाही इतिहास याच कंपनीत आहे. २००६ मध्ये म्युनिकच्या सरकारी वकिलांनी छापे घातले आणि कंत्राटे मिळवण्यासाठी देशोदेशी दिलेल्या लाचांचे जाळे बाहेर आले. २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनी मिळून कंपनीला सुमारे १.६ अब्ज डॉलर भरावे लागले. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच करातून वजा मिळत असे, म्हणजे ती धंद्याचा रीतसर खर्च होती! त्या देशाच्या कायद्याने हे बंद केल्यानंतरही जुनी सवय सुटली नाही. मंडळात निम्मे कामगार प्रतिनिधी असूनही ते टळले नाही, याची नोंद सहनिर्णयाचा पुरस्कार करणारांनी प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. मंडळात जागा मिळणे आणि मंडळात डोळे उघडे ठेवणे, या दोन गोष्टी आहेत.

मग कार्यकर्त्याने काय करावे? हातात काही साधने आहेत, ती अपुरी आहेत, पण वापरलीही जात नाहीत. २०१२ मध्ये सीमेन्सने इंडस्ट्रिऑल या जागतिक कामगार महासंघाशी आणि जर्मनीच्या आयजी मेटाल संघटनेशी करार केला. जगातील आपल्या सर्व कारखान्यांत संघटनस्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मानू, असे तीत लिहिले आहे. हा करार मराठीत करून किती कामगारांच्या हाती दिला गेला? मोटारींचा धंदा घेणारी अमेरिकन संस्था या कराराची पक्षकार नाही. मग तेथल्या कामगाराला ही हमी नव्याने लिहून मागावी लागेल, आणि ती आता, पहिला वेतनकरार व्हायच्या आत मागावी लागेल. दुसरे साधन जर्मनीचा पुरवठासाखळीचा कायदा, जानेवारी २०२३ पासूनचा. मोठ्या जर्मन कंपनीच्या ताब्यातील परदेशी कारखान्यात किंवा तिच्या पुरवठादाराकडे संघटनेचा हक्क डावलला गेला, तर परदेशातील कामगारालाही तक्रार करता येते. कंत्राटी कामगारांच्या दृष्टीने याचा उपयोग मोठा आहे. पण २०२५ मध्ये जर्मन सरकारने या कायद्यातील अहवालाची सक्ती काढण्याचे पाऊल उचलले आहे. तेव्हा वापरायचा असेल तर त्याची धार जाण्यापूर्वी वापरला पाहिजे.

तिसरी गोष्ट घरची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपात किंवा कारखानाबंदी यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. कळव्यासारख्या ठिकाणी या आकड्याचा अर्थ वेगळा होतो. एका कंपनीचे कामगार दोन-तीन कंपन्यांत वाटले गेले की प्रत्येकीची मोजणी वेगळी. शिवाय वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागतो. नाही तर वीस वीस टक्के असलेल्या संघटनांची परिषद बनते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी तीस टक्के पुरत असत. आता एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यात स्विचगिअरवाल्यांची, ट्रान्सफॉर्मरवाल्यांची आणि मोटारवाल्यांची हजेरीपुस्तके वेगळी असतील, तर एक्कावन्न टक्के तीन ठिकाणी स्वतंत्रपणे जमवावे लागतील.

हे काम ठाण्याच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात बसून होणार नाही. पाळी सुटताना दिघा आणि ऐरोलीच्या फाटकांवर उभे राहून, कोण कोणत्या कंपनीच्या यादीत आहे, कोण कंत्राटदाराकडे आहे आणि कोण २००७ नंतर 'अधिकारी' झाला आहे, याची नावनिशीवार वही प्रथम तयार झाली पाहिजे. येत्या अभ्यासवर्गापूर्वी ट्रान्सफॉर्मर विभागापासून तिला सुरुवात व्हावी, कारण नव्या क्षमतेसाठी भरती चालू आहे आणि नवे कामगार कोणत्या अटींवर घेतले जात आहेत, हे तेथेच आधी कळेल.